हाड बसविणारे हात

वर्गांत फळ्यावर लिहीत असतांना माझ्या उजव्या हाताचीं दोन बोटें पुरतीं सरळ होत नाहींत, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांच्या चाणाक्ष नजरेंतून सुटलेली नाहीं. दर वर्षीं नव्या वर्गांतील एखादा धीट मुलगा त्याचें कारण विचारतोच. आजवर मी हंसून तो प्रश्न टाळीत आलों. परंतु यंदा खेळतांना आपल्या शाळेंतील दोन मुलांचे हात मोडले, आणि त्यांना प्रथम कोठें न्यावें याविषयीं घरच्या मंडळींत पुष्कळ वाद झाला असें ऐकिलें, तेव्हां त्या जुन्या प्रश्नाचें उत्तर विद्यार्थी व त्यांचे पालक या उभयतांस या अंकांतून द्यावें असें मनांत आलें.

मी दहा वर्षांचा असतांना चिंचेच्या झाडावरून पडलों. पडतांना हात पुढें केला आणि सगळा भार त्या हातावर आला. पाहतां पाहतां कोपर सुजलें. आमच्या गांवापासून दोन कोसांवर एक हाडवैद्य राहत असत. त्यांची कीर्ति मोठी होती व ती खोटी नव्हती. कारण आदल्याच वर्षीं माझ्या वडिलांचा निखळलेला खांदा त्यांनीं माझ्या डोळ्यांदेखत, पेलाभर पाणी पिण्यास लागेल तेवढ्या वेळांत, जागच्या जागीं बसविला होता. त्यामुळें मला त्यांच्याकडेच नेण्यांत आलें. त्यांनीं माझें कोपर चांचपलें, हात ताणला, लेप घातला, बांबूच्या कामट्या लाविल्या आणि वरून पट्टी करकचून आवळली. "दुखेल, पण सोडूं नका," असें आईला बजावून त्यांनीं आम्हांस परत पाठविलें. त्या रात्रीं मी तळमळत होतों. प्रथम बोटांना मुंग्या आल्या, मग तीं बधिर झालीं, आणि दुसऱ्या दिवशीं तीं निळसर व थंड दिसूं लागलीं. आई रडत होती; पण पट्टी सोडावयाची नाहीं असा हुकूम होता! सायंकाळीं शेजारच्या परिचारिका बाई कामावरून परतल्या. त्यांनीं माझीं बोटें पाहिलीं आणि कांहीं न बोलतां कातरीनें ती पट्टी उभी कापून टाकली. त्यांच्यामुळें माझा हात वांचला. दोन बोटें मात्र कायमचीं वांकडीं राहिलीं.

पुढें कित्येक वर्षें एकच कोडें माझ्या मनांत घोळत होतें. ज्या हातांनीं वडिलांचा खांदा बसविला, त्याच हातांनीं माझीं बोटें कशीं बिघडविलीं? तो मनुष्य लबाड म्हणावा, तर वडिलांचा खांदा आजन्म उत्तम राहिला. तो मोठा वैद्य म्हणावा, तर माझीं बोटें समोर आहेत. या कोड्याचें उत्तर शोधतांना हातांनीं करावयाच्या वैद्यकीची जी हकीकत मला वाचावयास मिळाली, ती थोडक्यांत येथें सांगतों.

औषध पोटांत न देतां, शस्त्र न लावतां, केवळ हातांनीं ओढून, दाबून, फिरवून किंवा चोळून दुखणें बरें करण्याची कला जगांतील बहुतेक सर्व समाजांत आढळते. तिचा सर्वांत जुना लेखी पुरावा मिसर देशांतील आहे. एडविन स्मिथ नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १८६२ सालीं लक्सर येथें एक पपायरसाची गुंडाळी विकत घेतली. ती ख्रिस्तपूर्व १६०० च्या सुमाराची आहे. जेम्स हेन्री ब्रेस्टेड या पंडितानें १९३० सालीं तिचें भाषांतर प्रसिद्ध केलें. तींत जखमी माणसांचीं ४८ प्रकरणें दिलीं आहेत. जबडा निखळून तोंड उघडेंच राहिलें असतां वैद्यानें आपले दोन्ही आंगठे रोग्याच्या तोंडांत व बाकीचीं बोटें हनुवटीखालीं ठेवून जबडा मागें सारावा, असें त्यांत सांगितलें आहे. आजचे डॉक्टरही जवळ जवळ असेंच करितात. त्या लेखांतील आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. प्रत्येक प्रकरणांत वैद्यानें तपासणी करून तीनपैकीं एक निर्णय द्यावयाचा असे: हें दुखणें मी बरें करीन, याच्याशीं मी झुंजेन, किंवा यावर उपाय नाहीं. "यावर उपाय नाहीं" असें म्हणण्याचें धैर्य त्या प्राचीन वैद्यांच्या अंगीं होतें.

ग्रीस देशांत ख्रिस्तपूर्व पांचव्या व चौथ्या शतकांत हिपोक्रेटिस हा थोर वैद्य होऊन गेला. त्याच्या नांवावर असलेल्या सांध्यांविषयींच्या ग्रंथांत निखळलेला खांदा बसविण्याच्या अनेक रीती वर्णिल्या आहेत. रोग्यास जमिनीवर उताणें निजवावें, वैद्यानें त्याच्या काखेंत आपली टांच रोवावी व त्याचा हात धरून ओढावा, ही त्यांतील प्रसिद्ध रीत होय. पाठीचें कुबड काढण्यासाठीं रोग्यास शिडीला बांधून ती उंचावरून आदळण्याची एक रीत त्या काळीं रूढ होती. तिच्याविषयीं ग्रंथकार कठोरपणें लिहितो कीं, गर्दीला थक्क करून सोडण्याची हौस असलेले वैद्यच असला प्रयोग करितात. आणि गर्दी असा देखावा पाहून खूष होते, पण रोग्यास पुढें गुण आला कीं नाहीं याची चौकशी करीत नाहीं. त्यानें स्वतः कुबडाखालीं कातड्याची पिशवी ठेवून तींत हवा भरून पाहिली होती. तो प्रयोग फसला. आणि फसला हें त्यानें लपविलें नाहीं. कोणते प्रयत्न कां फसले हें कळणेंही शिकणाऱ्यास उपयोगाचें असतें, म्हणून आपण हें मुद्दाम लिहून ठेवीत आहों, असें तो सांगतो. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

आपल्या देशांत हीच विद्या सुश्रुतसंहितेंत आढळते. हा ग्रंथ आज ज्या रूपांत आहे त्या रूपास येण्यास कित्येक शतकें लागलीं असावीं. परंतु त्यांतील अस्थिभंगाचा विचार पाहून आजचा शस्त्रवैद्यही मान डोलावील. सांधा निखळण्याचे सहा व हाड मोडण्याचे बारा प्रकार त्यांत सांगितले आहेत. मोडलेलें हाड घोड्याच्या कानाप्रमाणें वर आलें तर तें "अश्वकर्ण". हाडाचा चुरा होऊन हात लावतांच आवाज आला तर तें "चूर्णित". उपाय सांगतांना ताणणें, दाबणें, जुळविणें व बांधणें असा क्रम दिला आहे. कामट्यांसाठीं वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन इत्यादि झाडांच्या साली व बांबू सांगितले आहेत. पाय मोडलेल्या माणसास हालतां येऊं नये म्हणून फळीवर निजवून भोंवतीं खुंट्या मारण्याची युक्ति दिली आहे. पट्टी थंडीच्या दिवसांत सात दिवसांनीं, साधारण ऋतूंत पांच दिवसांनीं व उन्हाळ्यांत तीन दिवसांनीं सोडून पुन्हां बांधावी, असा नियम आहे. हाताचें हाड जुळल्यावर रोग्यानें प्रथम मातीचा गोळा, मग मिठाचा खडा व शेवटीं दगड हातांत धरावा, म्हणजे हातांत हळूहळू बळ येतें, असेंही सांगितलें आहे. रुग्णालयांत व्यायामोपचार करणारे लोक आज रबराचा चेंडू दाबावयास देतात, त्यांतील तत्त्व हेंच आहे.

आणि माझ्या बोटांच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें वाक्यही त्याच अध्यायांत आहे. पट्टी सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाहीं, आणि ती फार घट्ट असेल तर सूज, वेदना व पाक होतो. म्हणून मध्यम बंध तोच चांगला, असा सुश्रुताचा स्पष्ट अभिप्राय आहे. मला बांधणाऱ्या हाडवैद्यानें आपली विद्या परंपरेनें मिळविली होती. परंतु परंपरा तोंडोतोंडीं उतरत असतां हें वाक्य वाटेंत कोठें तरी गळून पडलें!

आतां या कलेंतील मर्म काय तें पाहूं. हाड मोडलें किंवा सांधा निखळला कीं भोंवतालचे स्नायु आखडतात व मोडलेलीं टोकें एकमेकांवर ओढून घेतात. म्हणून मोडलेला हात किंवा पाय आंखूड दिसतो. नुसत्या जोरानें तो सरळ होत नाहीं. धक्का दिला तर स्नायु अधिकच आखडतात. परंतु हळूहळू, सारखें व न थांबतां ताणलें कीं स्नायु थकून सैल पडतात आणि त्या क्षणीं हाड आपल्या जागीं सरकतें. वडिलांचा खांदा बसवितांना हाडवैद्य त्यांच्याशीं पावसापाण्याच्या गोष्टी बोलत होते. तें उगीच नव्हतें. रोग्याचें मन दुसरीकडे गेलें कीं स्नायु ढिले होतात, हें ते अनुभवानें जाणत होते. उलट बाजूस, सांध्यांतून "कड्" असा आवाज आला म्हणजे हाड बसलेंच, अशी जी लोकांची समजूत असते ती खरी नव्हे. सांध्यांत तेलासारखा द्रव असतो. सांधा एकदम ताणला म्हणजे त्या द्रवांत वायूची पोकळी उत्पन्न होते आणि त्यामुळें आवाज येतो. आपण बोटें मोडतों तेव्हां जो आवाज होतो तोही हाच.

युरोपांत वैद्यकाच्या शाळा निघाल्यावर सुशिक्षित वैद्यांनीं हाड बसविण्याचें काम हलकें मानलें व तें पुष्कळ अंशीं अशिक्षित लोकांच्या हातीं राहिलें. इंग्लंडांत यांना "बोनसेटर" म्हणत. अठराव्या शतकांत सॅली मॅप नांवाची एक दांडगी बाई या कामांत इतकी नांवाजली कीं, ती एप्सम गांवाहून चार घोड्यांच्या गाडींत बसून लंडनला रोगी पाहण्यास जाई. पर्सिव्हल पॉट या नामांकित शस्त्रवैद्यानें तिच्यावर कडक टीका केली. १७३७ सालीं ती दारिद्र्यांत मरण पावली.

पुढें एकोणिसाव्या शतकांत सर जेम्स पॅजेट यांनीं निराळा सूर काढला. १८६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानांत त्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांस सांगितलें कीं, हे हाडवैद्य तुमचे प्रतिस्पर्धी होणारच; तेव्हां ते कोणते रोगी बरे करितात व कोणते बिघडवितात हें नीट पाहा, त्यांच्यांतलें चांगलें तें घ्या व वाईट तें टाळा. या उपदेशाचें फळ लवकरच दिसलें. लंडनमध्यें रिचर्ड हटन नांवाचे एक प्रसिद्ध हाडवैद्य होते. ते आजारी पडले असतां पीटर हुड नांवाच्या डॉक्टरांनीं त्यांची सेवा केली व मोबदला घेतला नाहीं. त्या उपकाराची फेड म्हणून हटन यांनीं आपली गुप्त विद्या त्यांना शिकविण्याचें कबूल केलें. डॉक्टरांस सवड नव्हती. म्हणून त्यांचे पुत्र व्हार्टन हुड, जे स्वतः डॉक्टर होते, ते ती विद्या शिकले. हटन यांच्या मृत्यूनंतर १८७१ सालीं त्यांनीं ती सगळी "लॅन्सेट" या वैद्यकीय पत्रांत छापून टाकली.

हुड यांनीं काय दाखविलें? हटन प्रत्येक रोग्यास सांगत कीं, तुझें हाड जागचें सरकलें आहे, तें मी बसवितों. वास्तविक बहुतेकांचें हाड मुळींच सरकलेलें नसे. दुखापतीनंतर सांधा फार दिवस न हालविल्यामुळें त्यांत चिकट तंतु होऊन तो जखडलेला असे. हटन यांच्या नेमक्या झटक्यानें ते तंतु तुटत आणि लंगडत आलेला मनुष्य चालत घरीं जाई. म्हणजे हात बरोबर होते, पण सांगणें चूक होतें. आणि सांगणें चूक असल्यानें धोका असा कीं, क्षयाची किंवा दुसऱ्या रोगाची बाधा झालेला सांधाही हाडवैद्य "सरकलेलें हाड" म्हणून तसाच झटकीत. अशा सांध्यास विश्रांति हवी असते. झटका दिला तर रोग वाढतो. एकच क्रिया एकास अमृत व दुसऱ्यास विष होते. आणि कोणास कोणती, हें हातांना एकट्यांना कळत नाहीं.

आतां एका घराण्याची कथा सांगतों. ती मला सर्वांत प्रिय आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास वेल्समधील अँगलसी बेटाच्या किनाऱ्यावर एका फुटलेल्या जहाजांतून एक अनाथ मुलगा आला. त्याची भाषा कोणास कळेना. बेटावरील लोकांनीं त्याला आश्रय दिला व त्याचें नांव इव्हान टॉमस असें ठेविलें. प्रथम पशुपक्ष्यांचीं व मग माणसांचीं मोडलेलीं हाडें बसविण्यांत त्याचा हातखंडा होता असें सांगतात. १८१४ सालीं तो वारला. त्याची विद्या मुलास, मुलाकडून नातवास मिळाली. नातवाचें नांवही इव्हान टॉमसच. तो लिव्हरपूल शहरीं जाऊन हाड बसविण्याचा धंदा करूं लागला. गोदींतील व कारखान्यांतील गोरगरीब त्याच्याकडे लोटत. पण डॉक्टर मंडळी त्याच्यावर खटले भरीत. त्या गृहस्थानें काय करावें? त्यानें डॉक्टरांना शिव्या दिल्या नाहींत. आपल्या पांचही मुलांना वैद्यक शिकावयास पाठविलें आणि पांचही डॉक्टर झाले!

त्यांतील थोरले ह्यू ओवेन टॉमस (१८३४–१८९१) हे आधुनिक अस्थिवैद्यकाच्या जनकांपैकीं एक मानले जातात. त्यांनीं घराण्याच्या हातांना शरीरशास्त्राचे डोळे दिले. रोगट सांध्यास पुरी, अखंड व दीर्घ विश्रांति पाहिजे, हें त्यांचें मुख्य तत्त्व होतें. त्यासाठीं त्यांनीं दोन लोखंडी सळया व मांडीच्या मुळाशीं बसणारें कातडी गादीचें कडें अशी एक साधी चौकट तयार केली व १८७५ सालीं आपल्या पुस्तकांत तिचें वर्णन छापलें. रविवारीं ते गरिबांस फुकट तपासीत. त्यांच्या पत्नीचे भाचे सर रॉबर्ट जोन्स हे त्यांचे शिष्य होत. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत मांडीचें हाड फुटलेल्या सैनिकांना जोन्स यांच्या आग्रहानें रणांगणावरच ही चौकट लावूं लागले, तेव्हां पूर्वीं रुग्णालयापर्यंत नेतां नेतां मरणारे असंख्य तरुण वांचले. "टॉमसची चौकट" आजही रुग्णालयांतून वापरली जाते. अनोळखी भाषा बोलणाऱ्या एका अनाथ मुलाची ती विद्या त्याच्या पणतूच्या हातून साऱ्या जगास मिळाली. कारण मधल्या एका बापानें ती घरांतील गुपित म्हणून झांकून ठेविली नाहीं.

अमेरिकेंत या विद्येला निराळें वळण लागलें. अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८–१९१७) यांचे वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक व वैद्य असून ते कॅन्सस प्रांतांत शॉनी नांवाच्या मूळ रहिवाशांमध्यें मिशनकार्य करीत. तेथें पितापुत्रांनीं त्या लोकांची शुश्रूषा केली. १८६४ सालीं मेंदूच्या आवरणाच्या दाहानें स्टिल यांचीं तीन मुलें दगावलीं. त्या काळच्या औषधांवरील त्यांचा विश्वास उडाला व हाडांची रचना सुधारून शरीर बरें करावें असा पंथ त्यांनीं १८७४ सालीं जाहीर केला. त्यास "ऑस्टिओपथी" म्हणतात. १८९२ मध्यें त्यांनीं मिसुरी प्रांतांतील कर्कस्व्हिल येथें शाळा काढली. पुढें डी. डी. पामर यांनीं १८९५ च्या सप्टेंबरांत कण्यावर हातानें दाब देण्याचा "कायरोप्रॅक्टिक" नांवाचा दुसरा पंथ सुरू केला. कण्याचे मणके सरकल्यानें बहुतेक सर्व रोग होतात, हें पामर यांचें मत पुढें टिकलें नाहीं. नवल असें कीं, त्यानंतर दोन महिनेही झाले नाहींत तोंच, ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं, जर्मनींत रंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि हाड खरोखर सरकलें आहे कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहण्याची सोय झाली!

चोळण्याच्या कलेंत तर आपल्या देशानें युरोपास एक शब्दच दिला आहे. पाटण्याकडील शेख दीन महंमद (१७५९–१८५१) हे इंग्लंडांत जाऊन ब्रायटन येथें राहिले. वाफेचें स्नान व अंग चोळणें यांचा त्यांनीं तेथें धंदा मांडला. राजा चौथा जॉर्ज व चौथा विल्यम यांचे ते नेमलेले "शॅम्पूइंग सर्जन" होते. चंपी या आपल्या शब्दापासून "शॅम्पू" हा शब्द झाला. आज तो केवळ केस धुण्यापुरता उरला आहे. पण मूळचा त्याचा अर्थ अंग चेपणें असाच होता.

आपल्या घरांतही ही परंपरा कोठें नाहीं? मुका मार लागला कीं आंबेहळद व रक्तबोळ उगाळून लावणारी आजी, पाय मुरगळला कीं तो हळूच चोळून देणारे तालमींतील वस्ताद, कंबरेंत उसण भरली कीं पाठीला पाय लावण्यास बोलाविलेला पायाळू मनुष्य, हीं सगळीं याच विद्येचीं लहानमोठीं रूपें आहेत. पायाळू जन्मल्यानें पायांत गुण येत नाहीं हें उघड आहे. पण आखडलेल्या पाठीवर बेताचा दाब पडल्यानें कोणास थोडा वेळ बरें वाटत असेल, हें संभवतें. आणि साधी उसण तशीही कांहीं दिवसांत आपोआप उतरते. मणक्यांवरील हस्तोपचारांची अलीकडे पुष्कळ तपासणी झाली आहे. कंबरेच्या साध्या दुखण्यांत त्यांनीं व्यायामादि इतर उपायांइतकाच माफक गुण येतो, असें तींत आढळून आलें. मान मात्र निराळी. केस कापून झाल्यावर मान कडकन् मोडून घेण्याची आपल्याकडे अनेकांस हौस असते. मानेंतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अशा हिसक्यानें क्वचित् फाटतात व त्यामुळें पक्षाघातही होतो. हा सौदा आपल्या मुलांनीं करूं नये.

आतां माझ्या बोटांचें कोडें सोडवूं. वडिलांचा खांदा निखळला होता. हाड मोडलें नव्हतें. तेथें हातांची कला पुरेशी होती. माझें मात्र कोपराच्या किंचित् वर हाड मोडलें होतें. पसरलेल्या हातावर पडणाऱ्या लहान मुलांत हा मोड फार आढळतो आणि त्याच्या अगदीं लगत हाताची मोठी रक्तवाहिनी असते. मोडल्यावर सूज वाढत जाते. वर घट्ट पट्टी असली कीं सुजेस बाहेर वाट मिळत नाहीं; आंतला दाब वाढून रक्त पोंचेनासें होतें आणि कांहीं तासांतच पुढच्या हाताचे स्नायु मरूं लागतात. मेलेले स्नायु आखडून बोटांना कायमचें आंत ओढतात. रिचर्ड फोल्कमान या जर्मन शस्त्रवैद्यानें १८८१ सालीं या विकाराचें वर्णन केलें. हाडवैद्याचे हात कुशल होते. पण दोन दुखापतींतला भेद पाहण्यास त्यांच्यापाशीं साधन नव्हतें, आणि चुकलेल्या रोग्यांची नोंद ठेवण्याची त्यांच्या घराण्यांत रीत नव्हती. माझ्यासारखा मुलगा पुन्हां त्यांच्याकडे जात नसे. म्हणून आपली चूक त्यांना कधीं कळलीच नसेल. हिपोक्रेटिसानें आपला फसलेला प्रयोग लिहून ठेविला, त्याचें मोल येथें समजतें. विद्या आणि गुपित यांत अंतर आहे तें हेंच.

हें सांगण्यांत हाडवैद्यांची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. आजही लाखो लोक प्रथम त्यांच्याकडे जातात. ते जवळ असतात, थोड्या पैशांत काम करितात, आणि गरिबाशीं आपलेपणानें बोलतात. रुग्णालयांनीं त्यांच्यापासून हें शिकण्यासारखें आहे. परंतु पालकांनीं कांहीं गोष्टी कटाक्षानें पाळाव्या. पडल्यावर हातपाय वांकडा दिसला, भार घेववेना किंवा जखमेंतून हाड दिसूं लागलें, तर चोळूं अगर ओढूं नये. फळी किंवा जाड पुठ्ठा लावून, हात असल्यास झोळींत घालून, जेथें क्ष-किरणाची सोय आहे अशा रुग्णालयांत न्यावें. मानेस किंवा पाठीस मार लागून हातपाय बधिर झाले असतील तर रोग्यास उठवून बसवूं नये. ताप येऊन सांधा सुजला असेल तर तो चोळूं नये. आणि पट्टी कोणींही बांधलेली असो, हाडवैद्यानें असो वा मोठ्या डॉक्टरानें, पहिले दोन दिवस बोटांकडे वारंवार पाहावें. तीं निळीं, पांढुरकीं किंवा थंड पडलीं, बधिर झालीं, अगर हलकेंच सरळ करतांना असह्य दुखूं लागलीं, तर सकाळची वाट पाहूं नये. पट्टी सैल करावी व तत्काळ रुग्णालय गांठावें. प्लास्तर असेल तर तें कापवून घेण्यास त्याच घटकेस निघावें. "सोडूं नका" हा हुकूम पाळण्यापेक्षां तो मोडणें अशा वेळीं शहाणपणाचें आहे. त्या परिचारिका बाईंनीं तो मोडला, म्हणूनच आज मी खडू धरूं शकतों.

विद्यार्थ्यांस एक शेवटची गोष्ट सांगतों. तुमच्यापैकीं एखाद्याचे आजोबा हाडवैद्य असतील. वर्गांत तें सांगावयास लाजूं नका. त्यांच्यापाशीं बसा, त्यांचे हात कसे चालतात तें पाहा, त्यांना काय साधलें व काय साधलें नाहीं हें विचारून वहींत लिहून ठेवा. मग शरीरशास्त्र शिका. लिव्हरपूलच्या त्या बापानें आपल्या पांच मुलांना जी वाट दाखविली ती आजही मोकळी आहे. तुमच्यापैकीं कोणी त्या वाटेनें गेला, तर माझीं हीं दोन बोटें वांकडीं राहिल्याचें मला मुळींच दुःख वाटणार नाहीं.